मुराळी भोपळा

बसा. पुढच्यांनी पाय आखडून घ्या, म्हणजे मागच्यांना जागा होईल. आणि आजोबा, तुम्हीसुद्धा कान इकडे करा. पोरांची गोष्ट आहे असं समजून पेंगायला लागाल, पण या गोष्टीत सगळा घोळ मोठ्यांनीच घातलाय.

खूप खूप पूर्वी, जेव्हा डोंगराला नुसतं डोंगर म्हणत आणि नदीला नुसती नदी, तेव्हाची ही हकिकत. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावाच्या वरच्या अंगाला, एका कातळाखालून ती नदी निघायची. गावाजवळ एक खोल डोह करायची, डोहापुढे डावीकडे वळायची आणि झाडीत दिसेनाशी व्हायची. पुढे रानं, शेतं, आणखी गावं, आणि अगदी शेवटी खाडी. खाडीच्या तोंडाशी दुसरं एक गाव. त्याच्यापुढे समुद्र.

वरचं गाव रंगाऱ्यांचं. खालच्या गावाचं पोट खाडीवर. तिथल्या बाया ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उतरून चिखलातल्या तिसऱ्या काढायच्या. तिसऱ्या म्हणजे ते लहान शिंपले हो, आत मऊ गर असतो, रस्सा काय होतो त्यांचा! आठवण झाली तरी तोंडाला पाणी सुटतं. असो.

या दोन गावांत सोयरिकीचा रिवाज होता. वरच्या गावाच्या लेकी खालच्या गावात द्यायच्या. आता लेक एवढ्या लांब दिली, तर तिला माहेरी आणायला कुणीतरी जायला हवं. भाऊ जातो, काका जातो. त्याला म्हणतात मुराळी. पण एवढी वाट तुडवायला दर वर्षी कोण मोकळं असणार? म्हणून वरच्या गावानं नदीलाच ते काम लावलं होतं.

पावसाळा सरला, नदीचा गढूळपणा खाली बसला, की ज्या ज्या आईची लेक खाली दिलेली असेल ती एक वाळका दुधी भोपळा काढायची. आतून कोरून घ्यायची. त्यात नाचणीची मूठ, गुळाचा खडा, कधी घरच्या गाईच्या गळ्यातली तुटकी घंटीसुद्धा. मग तोंड मेणानं बंद करायचं आणि गळ्यात आपल्या घरच्या रंगाचा दोरा बांधायचा. प्रत्येक घरचा रंग थोडा वेगळा असायचा बरं का. बाहेरच्याला सगळे लाल सारखेच दिसतील, पण लेकीला आपल्या आईचा लाल बरोबर ओळखू यायचा.

सगळ्या आया डोहाशी जमायच्या आणि भोपळे सोडायच्या. भोपळे डुलत डुलत वळणापर्यंत जायचे आणि झाडीआड व्हायचे. मग आया पदरानं डोळे पुसून घरी जायच्या, आणि लेकीची खोली झाडून ठेवायच्या.

खाली खाडीत काय मजा चालायची! पाण्यात वाकलेल्या बायांपैकी कुणीतरी एकदम ओरडायची, "अगं ए, तुझा मुराळी आला!" जिचा असेल ती चिखलातून धडपडत धावायची. तिला चिडवायच्या, तिच्या सासूला हाका मारायच्या. आणि सासू कितीही खाष्ट असली तरी नदीच्या मुराळ्याला नाही म्हणायची नाही. तसा दंडकच होता. मग लेक तिसऱ्यांची टोपली ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि मिठाचे बैल डोंगराकडे निघाले की त्यांच्याबरोबर निघायची.

येताना ती आणखी एक गोष्ट आणायची. विटलेलं लुगडं.

कारण त्या काळचे रंग झाडाचे. पळसाची फुलं, मंजिष्ठेची मुळं, हिरड्याची साल. दिसायला देखणे, पण नाजूक. खारा वारा आणि वर्षभराचं धुणं, की लाल लुगडं फिकट गुलाबी होऊन बसायचं. लेक ते आईपुढे टाकायची आणि म्हणायची, "आई, उतरला गं रंग." आई म्हणायची, "उतरू दे. मी आहे ना." काहिलीत, म्हणजे रंगाच्या मोठ्या कढईत, पुन्हा पाणी चढायचं. लुगडं रंगायला दोन दिवस पुरतात, पण कधी ऊन नाही, कधी साल नीट भिजली नाही, अशा सबबी सांगून आया ते महिनाभर लांबवायच्या. सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. काय दिवस होते ते!

या गावात धुरपदा नावाची रंगारीण होती. हात असा की लाल रंग काढावा तर तिनंच. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच लेक, पवळा. पवळाचं लग्न रिवाजाप्रमाणे खाडीच्या गावात झालं. पहिल्या वर्षी भोपळा गेला, पवळा आली, मायलेकी महिनाभर गुळावरच्या मुंग्यांसारख्या एकमेकींना चिकटून होत्या.

त्याच महिन्यात डोंगरापलीकडून एक व्यापारी आला. बोलायला गोड, आणि पोतडीत हिरवट रंगाची बुकी. कुठलासा दगड कुटून केलेली. त्यानं धुरपदाच्या काहिलीत ती मूठभर टाकली. असा भपकारा उठला की सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. पण आतून कापड निघालं ते काय लाल! व्यापाऱ्यानं ते धुतलं, राखेनं चोळलं, दगडावर आपटलं. रंग हलला नाही.

"बाई," तो म्हणाला, "हा रंग जन्मात जायचा नाही."

धुरपदानं पवळाचं लुगडं त्याच रंगात बुडवलं. म्हणाली, "घे. आता तुझ्या आईचा रंग जन्मभर तुझ्या अंगावर."

बातमी राजवाड्यापर्यंत गेली. राणीला तो लाल आवडला, मग सरदारणींना आवडला, मग काय विचारता! गावात घरोघर काहिली धडधडू लागल्या. गवताच्या छपरांवर कौलं चढली, बायांच्या कानांत सोनं आलं. कापड काढून उरलेलं लालभडक, झोंबरं पाणी रोज संध्याकाळी डोहात ओतलं जाऊ लागलं. ते वळणापर्यंत वाहायचं आणि झाडीआड व्हायचं. वळणापलीकडे गेलं म्हणजे संपलं, असं गाव धरून चाललं.

एक कोंडाई तेवढी कुरकुरायची. कोंडाई म्हणजे गावची म्हातारी सुईण. अर्धं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळे ती कुणालाही काहीही बोलायची. डोहात एक वाम राहायची, सापासारखी लांब, काळी, म्हातारी मासळी. समुद्रात जन्मते आणि नदी चढून डोंगरात राहायला येते, असं जुनी माणसं सांगायची. कोंडाई रोज तिला भाताची शितं टाकायची.

"माझी वाम दिसत नाही गं," कोंडाई म्हणाली. "शितं तशीच तरंगतात."

"तुमच्यासारखीच म्हातारी झाली असेल, कोंडाई!" बाया हसल्या.

दुसऱ्या वर्षी भोपळा गेला, पण पवळा आली नाही. मिठाच्या बैलवाल्याबरोबर निरोप आला : लुगडं अजून नव्यासारखं आहे. सासूबाई म्हणतात, मुराळी आला हे खरं, पण रंग उतरला नाही तर जायचं कशाला?

धुरपदा शेजारणींना म्हणाली, "बघा, आहे का माझा रंग पक्का!" मोठ्यानं म्हणाली. मग घरात गेली आणि लेकीसाठी झाडून ठेवलेल्या खोलीत एकटीच बसून राहिली. तिला फार वाईट वाटलं. पण कशाचं वाईट वाटतंय, हे काही तिला धड उमगलं नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र पवळा आली. पहिलटकरीण होती, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. धुरपदा वेशीपर्यंत धावत गेली. पण पोरीला पाहते तर काय! पोट तेवढं पुढे आलेलं, बाकी नुसता काड्यांचा सापळा. पायांवर चट्टे, न भरलेल्या जखमा.

"अगं, खायला घालत नाहीत का तुला?"

"आहे कुठं खायला?" पवळा म्हणाली.

कोंडाईही तपासायला आली होती. धुरपदानं कढत भात वाढला, आणि वातावरण हलकं करायला टोपली पुढे ओढली. "बघू तरी, यंदा आईला काय आणलंस?" टोपली कशी हलकी लागली. तिनं गोणपाट सोडलं. आत शिंपले होते. सगळे उघडे, सगळे रिकामे. आणि प्रत्येक शिंपल्याच्या आतल्या बाजूला, जिथं मोत्यासारखं पांढरं असायला हवं, तिथं लाल.

"रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून आणले," पवळा म्हणाली. "खाडीत आता एवढंच मिळतं. वरून काहीतरी येतं, आई. ओहोटीला चिखल लाल दिसतो. तिसऱ्या तोंड वासून मरतात. मासे उलटे तरंगतात. आम्ही पाण्यात उतरलो की पाय सोलतात. अर्धं गाव उठून गेलं. हे म्हणतात, बाळंत होऊन आलीस की आपणही जाऊ. समुद्राच्या पार पलीकडच्या बंदरात."

"मग तिकडून येशील की."

"कशी येणार? तिथं आपली नदी नाही. मुराळी पोचणार नाही. मी परत कधी दिसेन ठाऊक नाही, आई. म्हणून डोळे भरून बघून घे."

धुरपदाच्या हातातली पळी तशीच राहिली. पवळा मात्र आता रागात आली होती. "वर कुठंतरी एक हडळ बसलीय, तिच्यामुळं हे सगळं. आम्ही बाया रोज खाडीवर उभं राहून तिच्या नावानं बोटं मोडतो. तिची कूस उजवली असेल तर तिला तिच्या लेकराचं तोंड दिसू नये, म्हणतो!" आणि तिनं तिथंच, पानावर बसल्या बसल्या, कडाकडा बोटं मोडली.

धुरपदा उठली. तिनं एक शिंपला घेतला, राखेनं चोळला. रिठ्याच्या पाण्यात घातला. दगडावर घासला. रंग हलला नाही. आणि तो लाल कुणाचा, हे तिला सांगायला कुणी नको होतं. गावात पन्नास जणी लाल काढत असतील, पण हा तिचाच होता.

"पण वळणापलीकडं..." ती पुटपुटली. "वळणापलीकडं गेल्यावर ते..."

"वळणापलीकडं काय?" कोंडाई कडाडली. "तुझा भोपळा पोचतो ना लेकीपर्यंत? मग रंग काय वळणावर उतरून बसतो होय गं?"

धुरपदानं शिंपला खाली ठेवला. ती लेकीसमोर येऊन खाली बसली.

"पवळे, तू जिच्या नावानं बोटं मोडलीस ना," ती म्हणाली, "ती मीच गं."

पवळानं आधी आईकडे पाहिलं, मग तिच्या कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांकडे. "तू?" एवढंच म्हणाली. ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली. आई डोक्यावरून हात फिरवायला गेली तर तिनं डोकं आखडून घेतलं. धुरपदाला ते जे लागलं ना, ते मी नाही सांगू शकत. ज्यांना लेकरं आहेत त्यांनी समजून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी भोपळे सोडायचा मुहूर्त होता. पवळा आधीच आली होती, पण बाकीच्यांच्या लेकी खालीच होत्या. सगळ्या आया आपापले भोपळे घेऊन डोहाशी आल्या. धुरपदानं शिंपल्यांची टोपली त्यांच्यापुढे उपडी केली आणि सगळं सांगितलं.

बायांनी ऐकलं, पण मानलं नाही. "नदी केवढी मोठी! आपल्या दोन काहिली रंगानं तिचं काय होणार?"

"मधल्या गावांनी केलं असेल."

"धुरपदे, राणीसरकारचं काम आहे. आमच्या पोटावर पाय देऊ नकोस!" हे म्हणणारीच्या कानांत नवी कुडी होती.

वाद घालणं धुरपदाला कधी जमलंच नव्हतं. ती आपल्या काहिलीपाशी गेली, एक कोरा भोपळा तिनं त्या लाल पाण्यानं काठोकाठ भरला, आणि मेणानं तोंड बंद करून परत डोहाशी आली.

"हा घ्या," ती म्हणाली. "ज्या आईला वाटतं की हे पाणी वळणावरच संपतं, तिनं पुढं यावं. आपल्या घरचा दोरा याच्या गळ्यात बांधावा, आपल्या लेकीचं नाव घ्यावं, आणि आपल्या हातानं सोडावा."

कुणी पुढं झालं नाही.

"या ना! संपतंच ना ते वळणावर? मग भ्यायचं कशाला?"

नव्या कुडीवालीनं दोरा हातात घेतला. एक पाऊल टाकलं. ओठ हलले, पण लेकीचं नाव काही तोंडातून निघेना. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग दुसरी. मग सगळाच काठ रडायला लागला.

त्यातल्या एकीला एवढा उमाळा आला की ती घरी धावली आणि रंगाची आख्खी काहील डोहाकडे ओढत आणू लागली. "नको मला हे पाप!"

"अगं बये, नदीत नको!" कोंडाई काठी घेऊन तिच्यामागं धावली. "पश्चात्तापसुद्धा नदीतच ओतशील का?"

एवढ्या रडारडीतही सगळ्या हसल्या. मग गावानं नदीपासून दूर, उघड्या कातळावर दगडांची खोलगट टाकी घडवली. सगळं लाल पाणी तिथं उन्हात आटवलं, आणि तळाशी उरलेला गाळ पोत्यांत भरून व्यापाऱ्याच्याच बैलांवर लादला. उरलेली बुकीही परत केली. व्यापारी खूप बोलला. शेवटी चिडून निघून गेला.

राजवाड्याचं काम गेलं. कुणाच्या कानातलं सोनं गेलं, कुणाची कौलं अर्धवट राहिली. चूक केली की भरावं लागतं, आणि गावानं ते भरलं. कुरकुर झाली नाही असं मी म्हणणार नाही.

पवळाला मुलगी झाली. कोंडाईनं नाळ कापली, बाळ धुरपदाच्या हातात द्यायला गेली, तर धुरपदा मागं सरली. आपले लाल हात तिनं पाठीमागं धरले. तेव्हा अंथरुणातून पवळा म्हणाली, "घे गं आई. तुझीच नात आहे." इतक्या दिवसांत पवळा पहिल्यांदाच आपणहून बोलली होती.

जावई न्यायला आला तेव्हा धुरपदानं त्याच्यापुढे पदर पसरला. "एक पावसाळा थांबा, जावईबापू. फक्त एक. मग जिथं न्यायची तिथं न्या." जावई भला माणूस होता. त्यानं डोहाकडे पाहिलं, कातळावरच्या टाकीकडे पाहिलं, आणि मान हलवली. निघताना धुरपदानं लेकीला नवं लुगडं दिलं. मंजिष्ठेचं, जुन्या पद्धतीचं.

आता तुम्हाला वाटेल, नदी लगेच हसायला लागली असेल. छे! बिघडवायला दोन वर्षं पुरतात, पण सावरायला नदी आपला वेळ घेते. त्या पावसाळ्यात पुरानं बराचसा चिखल समुद्रात लोटला, आणि समुद्रानं तो मुकाट्यानं पोटात घेतला. कोंडाई रोज शितं टाकत राहिली, पण तिच्या हयातीत वाम काही परत आली नाही. पुढं कितीतरी वर्षांनी पवळाच्या मुलीनं डोहात शितं टाकली, तेव्हा तळाशी काहीतरी लांब, काळं हललं. ती ओरडत घरी आली, पण तेव्हा ते ऐकायला कोंडाई नव्हती.

असो. पावसाळा सरला. धुरपदानं भोपळा सोडला आणि खोली झाडून ठेवली. रोज वेशीवर जाऊन उभी राहायची. मिठाचे बैल आले, पण त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं. दुसरे आले, तेही एकटेच. गेली पोर, ती मनात म्हणाली, गेली बंदराला.

आणि एका दुपारी, ती काहिलीत साल ढवळत असताना, मागं कुणीतरी टोपली ठेवली. ओल्या गोणपाटाखालून चुळकन पाण्याची बारीक धार उडाली. जिवंत तिसरीच अशी पाणी सोडते. टोपलीत मूठभरच होत्या, पण तोंडं घट्ट मिटलेली होती.

कडेवर लेक घेऊन पवळा उभी होती. अंगावरचं लुगडं खाऱ्या वाऱ्यानं विटून फिकट गुलाबी झालं होतं. "आई," ती म्हणाली, "उतरला गं रंग."

"उतरू दे, बाई, उतरू दे," धुरपदा म्हणाली, आणि इतकी रडली की पुढचं वाक्य तिला बोलताच आलं नाही. त्या वर्षी लुगडं रंगायला दोन महिने लागले.

म्हणून पोरांनो, आणि आजोबा, तुम्हीसुद्धा लक्षात ठेवा : नदीत सोडलेलं काहीच वळणावर संपत नाही, कारण वळणापलीकडेही आपलीच लेकरं राहतात.